मूत्रपिंडविकार आणि धमन्यांचे अकाली वार्धक्य

जुनाट मूत्रपिंडविकारात धमन्या कडक होतात त्या कोलेस्टेरॉलमुळेच, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. कोलेस्टेरॉलचे थर धमनीच्या आतल्या अस्तरात साचतात, पण या रुग्णांमध्ये त्याशिवाय मधल्या, स्नायूंच्या थरात कॅल्शियम साचते आणि धमनी फारशी अरुंद न होताही ताठर होते. नळाला क्षार धरावा तसे हे निव्वळ रासायनिक नसते: रक्तात फॉस्फेट वाढले की धमनीतील स्नायुपेशी आपला मूळ धर्म सोडून हाडे घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात, आणि कॅल्शियमला अटकाव करणारी, के जीवनसत्त्वावर अवलंबून असलेली प्रथिनेही अपुरी पडतात.

मुख्यतः मूत्रपिंडात तयार होणारे 'क्लोथो' हे प्रथिन येथे महत्त्वाचे आहे. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले, की त्याच्या जनुकात बिघाड असलेल्या उंदरांना अकाली वार्धक्य येते आणि त्यांच्या धमन्याही कडक होतात. (आयुष्याचा धागा कातणाऱ्या ग्रीक देवतेचे हे नाव मला फारच समर्पक वाटते.) मूत्रपिंडाचे कार्य मंदावते तसे हे प्रथिनही घटते.

२००९ च्या 'ऑरोरा' चाचणीत डायलिसिसवरील रुग्णांचे कोलेस्टेरॉल रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिन गटातल्या (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या) औषधाने उतरले, मात्र हृदयविकार व पक्षाघात लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत. अर्थात, आधीपासून चालू असलेले स्टॅटिन डॉक्टरांना न विचारता बंद करावे, असा याचा अर्थ होत नाही.