६० अँटिबॉडी, प्रत्येकी जेमतेम ०.५ मिग्रॅ: आधी कोणत्या चाचण्या?

प्रश्न: सगळ्या औषधासाठीच्या उमेदवार, आयजीजी१ (अँटिबॉडीचा एक प्रकार), प्रोटीन ए (अँटिबॉडी पकडणारं प्रथिन) वर शुद्ध केलेल्या. एसईसीवर (आकारानुसार रेणू वेगळे करणारा कॉलम) मोनोमर (सुटा रेणू) ९५ टक्क्यांच्या वर, पण सात-आठ जणींचा पीक उशिरा येतो. एसी-सिन्समध्ये (अँटिबॉडी सोन्याच्या कणांवर बसवून त्या एकमेकींना चिकटतात का, हे रंगाच्या तरंगलांबीच्या सरकण्यावरून पाहणारी चाचणी) तर कंट्रोलही सरकलेला दिसतो. कुठे चुकतंय?

उत्तर १: उशिरा येणारा पीक म्हणजे रेणू कॉलमला चिकटतोय. नुसती मोनोमरची टक्केवारी पाहिलीत तर हे निसटतं. मोबाइल फेजमधलं (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणातलं) मीठ १५० वरून ३०० मिलिमोलर करून पाहा. पीक जागेवर आला तर विद्युतभाराचं आकर्षण. आणखी मागे गेला तर जलविरोधी पृष्ठभाग. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा, तिथे एचआयसी (जलविरोधीपणा मोजणारी कॉलम चाचणी) कराच.

उत्तर २: कंट्रोल सरकला म्हणजे बहुधा सोन्याचे कणच गुठळ्या धरतायत. कणांना लेप देण्याआधी, लेपासाठीच्या शेळीच्या अँटिबॉडी २० मिलिमोलर पोटॅशियम ॲसिटेट, पीएच ४.३ मध्ये नीट बदलून घ्या. पीबीएस (फॉस्फेटचं खारं बफर) उरला की लाल द्रावण जांभळं पडतं. लेपात अँटी-एफसी (नमुन्याला त्याच्या एफसी म्हणजे शेपटीच्या भागाने पकडणारी) आणि साधी शेळी आयजीजी ८०:२० प्रमाणात. नमुना ०.०५ मिग्रॅ/मिलि पुरतो, म्हणून ही चाचणी तुम्हाला परवडेल. शिफ्ट (तरंगलांबीचं सरकणं) १०-१२ नॅनोमीटरच्या पुढे गेली की सावध.

उत्तर ३: डीएसएफ (तापवत नेऊन अँटिबॉडी कधी उलगडते ते पाहणारी चाचणी) करणार असाल तर बफरमध्ये पॉलिसॉर्बेट (साबणासारखा पदार्थ) नको, सायप्रो ऑरेंज हा चाचणीतला रंग त्यातच चमकतो. आणि ७० अंशांजवळचा उलगडण्याचा टप्पा सीएच२ चा (एफसीमधला एक भाग) असू शकतो, तो फॅबचा (लक्ष्याला पकडणारा भाग) समजू नका.

प्रश्नकर्ता: पीबीएसच उरला होता! एका चाचणीवर उमेदवार बाद करावा का?

उत्तर १: नको. एसी-सिन्स, एचआयसी आणि बीव्हीपी एलायझा (अँटिबॉडी भलत्याच गोष्टींना चिकटते का ते पाहणारी चाचणी), यांतल्या दोन तरी धोक्याचा इशारा देत असतील तरच.