मदत हवी आहे: गरिबी आणि बालमृत्यूचे आकडे जुळत नाहीत

ताळेबंद:
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात मला जगातली गरिबी आणि आरोग्य यावर वीसेक मिनिटं बोलायचं आहे. मी पेशाने हिशेबनीस, या विषयात पार नवखी. नेटवर एवढं सगळं फुकट मिळतंय म्हटल्यावर हुरूप आला आणि तीन रात्री बसून एक्सेलमध्ये तक्ता केला. आता त्याच तक्त्यासमोर डोकं धरून बसले आहे.

जुन्या टिपणात अतिगरिबीची रेषा दिवसाला १.९० डॉलर आहे, एका लेखात २.१५, आणि जागतिक बँकेच्या साइटवर ३ डॉलर. बरं, वर्ष एकच धरलं, २०२२, तरी एकीकडे जगात ७१ कोटी ३० लाख अतिगरीब आणि दुसरीकडे ८३ कोटी ८० लाख. मधले साडेबारा कोटी आले कुठून? आमच्या धंद्यात असा फरक निघाला तर रात्रभर घरी जाता येत नाही.

दुसरी अडचण पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्युदराची. युनिसेफ, डब्ल्यूएचओ आणि जागतिक बँक, तिन्हीकडे आकडा दशांशापर्यंत सारखा. मी खूश, तीन साक्षीदार मिळाले! मग आयएचएमईची (अमेरिकेतली आरोग्याची आकडेवारी काढणारी संस्था) साइट उघडली तर तिथे वेगळाच आकडा. तीन विरुद्ध एक, म्हणजे आयएचएमईचं चुकलं असं धरू का? आणि जिथे जन्म-मृत्यूची नोंदच धड होत नाही, अशा देशांचेही दरवर्षीचे आकडे मिळतात ते कसे?

जाणकारांनी कृपया सांगावं. आगाऊ आभार.

आडवाट:
गरिबीचं मी सांगतो, बालमृत्यूचं दुसरं कोणीतरी बघा.

ही रेषा १९९० साली 'दिवसाला एक डॉलर' अशी सुरू झाली. २००८ मध्ये १.२५, २०१५ मध्ये १.९०, २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ मध्ये ३. यातला डॉलर बँकेत बदलून मिळतो तो नाही. एका देशात जेवढ्यात जेवढी वस्तू येते तेवढीच दुसरीकडे यायला किती लागेल, असा क्रयशक्तीचा हिशेब करून काढलेला तो डॉलर आहे. १.९० ला २०११ च्या किमती, २.१५ ला २०१७ च्या, ३ ला २०२१ च्या. म्हणून रेषा लिहाल तिथे किमतीचं वर्षही लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

१.९० वरून २.१५ झाली तेव्हा जगाची बेरीज फारशी हलली नव्हती. २०२५ ला मात्र हलली. ही रेषा सगळ्यात गरीब देशांच्या स्वतःच्या दारिद्र्यरेषांवरून काढतात, आणि त्या देशांनी आपल्या रेषा सुधारून वर नेल्या होत्या. तुमचे साडेबारा कोटी तिथून आले. कोणी रातोरात गरीब झालेलं नाही. बँकेच्या 'पॉव्हर्टी अँड इनइक्वालिटी प्लॅटफॉर्म'वर जा, तिथे रेषा आपल्या हाताने घालता येते. १९९० पासून आजपर्यंत एकच रेषा लावा आणि मग बोला.

सुईदोरा:
ताळेबंद, तुमचे तीन साक्षीदार एकाच घरातले आहेत हो! युनिसेफ, डब्ल्यूएचओ, जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या विभाग मिळून बालमृत्यूचे अंदाज काढणारा एक गट चालवतात, आयजीएमई. अंदाज तो गट काढतो, हे सगळे तोच छापतात. म्हणजे सामना तीन विरुद्ध एक नाही, एकास एक आहे. आयएचएमई तेच कच्चे आकडे बरेचसे घेते, पण गणिती मॉडेल वेगळं लावते. चूक कोणीच नाही.

आता नोंदी नसलेल्या देशांचं. मी काही वर्षं अशा सर्वेक्षणांत काम केलंय. घरी जाऊन बाईला विचारायचं, आजवर तुम्हाला किती मुलं झाली, एकेकाचा जन्म कधीचा, हयात आहे का, नसेल तर केवढं असताना गेलं. हा प्रश्न विचारताना वहीतून मान वर काढवत नाही. कोणी महिने मोजून सांगते, कोणी 'दात येत होते तेव्हा' म्हणते, आणि आपण त्याचे महिने करून चौकटीत भरायचे. अशी सर्वेक्षणं काही वर्षांनी एकदा होतात (डीएचएस आणि युनिसेफचं एमआयसीएस ही देशोदेशी होणारी घरोघरची सर्वेक्षणं). मधली वर्षं मॉडेल भरून काढतं. आलेखात रेष लोण्यासारखी गुळगुळीत दिसली की समजायचं, इथे ठिपके, म्हणजे सर्वेक्षणातून आलेले आकडे, कमी आहेत. आकड्याशेजारी खालची-वरची मर्यादा दिलेली असते, ती तक्त्यात घ्याच.

सगळ्यात महत्त्वाचं, नवं सर्वेक्षण आलं की गट मागची सगळी वर्षं नव्याने काढतो. २०१५ च्या अहवालातला एक आकडा आणि आजचा एक आकडा शेजारी ठेवून 'एवढी घट' म्हणू नका. पूर्ण मालिका एकाच दिवशी उतरवून घ्या. २०२४ साली आलेल्या मालिकेत जगाचा दर १९९० ला हजार जिवंत जन्मांमागे ९३ आणि २०२२ ला ३७ आहे.

आडवाट:
+१. आणि नुसत्या पैशावर थांबू नका. यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) आणि ओपीएचआय (ऑक्सफर्ड विद्यापीठातली गरिबीचा अभ्यास करणारी संस्था) २०१० पासून बहुआयामी गरिबी निर्देशांक काढतात. पोषण, शाळा, चुलीचं इंधन, पाणी, संडास असे दहा निकष, प्रत्येकाला ठरावीक भार (वजन), आणि एकूण भाराच्या एक तृतीयांश किंवा जास्त भागात उणं पडलं की माणूस गरीब. तुमच्या दोन्ही विषयांचा सांधा तिथे सापडेल.

ताळेबंद:
आडवाट, सुईदोरा, खूप आभार. काल बसून सगळं पुन्हा उतरवलं. तक्त्यात तीन रकाने वाढले: किमतीचं वर्ष, वरची-खालची मर्यादा, उतरवल्याची तारीख. 'दात येत होते तेव्हा' हे वाचनगटात सांगितलं तर चालेल ना?

एक शेवटचं. ज्या देशात दहा वर्षांत सर्वेक्षणच झालं नाही, त्याचा ठिपका आलेखात ठेवू की गाळू?

सुईदोरा:
खुशाल सांगा. ठिपका ठेवा, पण पोकळ काढा, म्हणजे तो नुसत्या मॉडेलचा आहे हे कळेल.