मदत हवी आहे: पूलच्या (बिलियर्ड्ससारख्या टेबलावरच्या खेळाच्या) मोठ्या स्पर्धा ठरावीक शहरांतच का?

मंडळी, आयोजनातलं कळणारं कोणी आहे का इथे? यूएस ओपन नाइन-बॉल (नऊ चेंडूंच्या पूलची अमेरिकेतली स्पर्धा) १९७६ मध्ये व्हर्जिनियात सुरू झाली, २०१९ मध्ये लास वेगासला आणि २०२१ मध्ये अटलांटिक सिटीला गेली. दोन्ही कॅसिनोची शहरं! २०२४ ची जागतिक स्पर्धा सौदी अरेबियात जेद्दाहला झाली, बक्षिसांची रक्कम १० लाख डॉलर. मग खेळाडू आणि पूल हॉल भरपूर असलेल्या कितीतरी महानगरांच्या वाट्याला काहीच का येत नाही?

माझा संशय जागेवर आहे. नऊ फुटी टेबल, त्यात चहूबाजूंनी क्यू (खेळायची काठी) मागे खेचायला मोकळी जागा. टेबलाच्या स्लेटचे (कापडाखालच्या दगडी फरशीचे) तीन जड तुकडे जोडून पातळीत आणायचे, वर नवं कापड ताणून बसवायचं. म्हणजे पहिला ब्रेक (डावाचा सुरुवातीचा फटका) होण्याआधीच हॉलचं भाडं चालू! कॅसिनो हॉटेलकडे हॉल आणि खोल्या एकाच छताखाली, वर पाहुणे जुगारातही पैसे सोडतात. तिकिटांवर भागत असेल असं वाटत नाही. तिसऱ्या रांगेतून चेंडू धड दिसत नाहीत.

पण नक्की कुठे अडतं? भाडं, प्रायोजक की प्रक्षेपणाचे करार? अनुभव असेल तर जरा सविस्तर लिहा.