'स्पिन'ला मराठी शब्द: मखलाशी, बुद्धिभेद, की अजून काही?

एका लेखाचं भाषांतर करतेय, विषय असा की युद्ध चालू असताना सरकारं आणि माध्यमं मिळून लोकांचं मत कसं वळवतात. मूळ लेखात 'स्पिन' हा शब्द पानोपानी आहे आणि तो तसाच ठेवला तर वाचणाऱ्याला आधी क्रिकेटच आठवणार. 'फिरकी' करून बघितलं, पण फिरकी घेणे म्हणजे आपल्याकडे गंमत करणे, आणि जिथे हजारो माणसं मेली तिथे हा शब्द माझ्याच्याने लिहवत नाही. 'अपप्रचार' टाकलं तर अर्थ सरकतो, कारण अपप्रचार म्हटलं की खोटं आलंच असं आपण धरतो आणि स्पिनमधे बरेचदा एकही वाक्य खोटं नसतं, फक्त कुठलं आधी सांगायचं, कुठलं गाळायचं, कशाला काय नाव द्यायचं हे ठरवलेलं असतं. १९८४ ला अमेरिकेत अध्यक्षपदाचे उमेदवार रेगन आणि मोंडेल यांच्या वादचर्चेनंतर दोन्हीकडची माणसं पत्रकारांना गाठून आपलाच उमेदवार कसा सरस ठरला ते पटवायला लागली, 'स्पिन डॉक्टर' हा शब्द तेव्हापासून रुळला. म्हणजे घडलेलं सगळ्यांनी पाहिलंय, भांडण आहे ते त्याचा अर्थ काय लावायचा यावर.

खोट्या बातमीसाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. आवई उठवणे, कंडी पिकवणे, वावडी, भुमका, हूल, थाप, लोणकढी. पण खऱ्यालाच पीळ देतात त्याला काय म्हणायचं? सुचवा प्लीज, कोशातला नको, बोलण्यातला हवा.

—

मखलाशी! माझी आजी हा शब्द रोज वापरायची, कुणी चूक करून वर तिचं गोड समर्थन करायला लागलं की म्हणायची "आता मखलाशी नको". मखलाशीत घडलेलं नाकारायचं नसतं, ते मान्य करून त्याला असा मुलामा द्यायचा की ऐकणाऱ्याला ते चांगलंच वाटावं. तुम्हाला हवा तो पीळ हाच आहे.

आणि युद्धातलं उदाहरण हवं असेल तर जपानचं घ्या, यासारखं दुसरं मला तरी माहीत नाही. १९४३ च्या फेब्रुवारीत ग्वाडलकनाल बेटावरून जपानी सैन्य मागे घेतलं, पण लष्करी मुख्यालयाने 'माघार' हा शब्दच वापरला नाही, 'तेनशिन' असं जाहीर केलं, म्हणजे साधारण 'वळून दुसरीकडे आगेकूच'. सैनिक जागेवरून हलले हे खरंच होतं की, फक्त दिशा बदलली असं सांगितलं. मग त्याच वर्षी मे महिन्यात अट्टू बेटावरची तुकडी जवळजवळ सगळी मारली गेली, तेव्हा 'ग्योकुसाई' हा शब्द काढला, रत्न फुटून विखुरणे. माणसं मेली म्हणायचं नाही, रत्न फुटलं म्हणायचं. आणि शब्दचर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे त्या मुख्यालयाच्या घोषणांना 'दाइहोन्एइ हाप्प्यो' म्हणायचे, आज जपानीत तोच वाक्प्रचार विश्वास ठेवू नये अशा अधिकृत निवेदनाला वापरतात. म्हणजे लोकांनी शेवटी त्या मखलाशीलाच शब्द करून टाकलं. आपल्याकडे असा एखादा शब्द तयार झालाय का, कुणाला आठवतोय?

—

झालाय, हजारो वर्षांपूर्वीच, पण आपण तो चुकीच्या अर्थाने वापरतो. 'नरो वा कुंजरो वा'. आज मराठीत याचा अर्थ काय, तर स्पष्ट भूमिका न घेणे, दोन्ही डगरींवर हात ठेवणे. पेपरात येतं ना, अमुक पक्षाने नरो वा कुंजरो वा अशी भूमिका घेतली. पण द्रोणपर्वातला प्रसंग नीट आठवा. द्रोण हरत नाहीत म्हणून आधी अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, म्हणजे बातमीला आधार तयार केला. मग भीमाने ओरडून सांगितलं अश्वत्थामा मेला. द्रोणांचा भीमावर विश्वास नाही, म्हणून त्यांनी जो कधी खोटं बोलत नाही त्या युधिष्ठिराला विचारलं, आणि युधिष्ठिराने खरं तेच सांगितलं, फक्त 'हत्ती' हा शब्द ऐकू येणार नाही इतक्या हळू पुटपुटला, आणि आपण लहानपणापासून ऐकतो त्या कथेत तर नेमके तेव्हाच शंख वाजवले. एकही वाक्य खोटं नाही, आणि बापाने शस्त्र खाली ठेवलं. यात भूमिका न घेण्याचा काय संबंध? युधिष्ठिराने भूमिका घेतलेलीच होती.

हेच जसंच्या तसं २००२ ला झालंय. ब्रिटिश सरकारने २४ सप्टेंबरला इराकवर एक दस्तऐवज काढला, त्यात होतं की इराक काही रासायनिक आणि जैविक शस्त्रं ४५ मिनिटांत वापरायला सज्ज करू शकतो. मुळात गुप्तचरांची ती माहिती रणांगणावर जवळून मारा करायच्या शस्त्रांबद्दल होती, लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांबद्दल नव्हती, पण तो खुलासा दस्तऐवजात नव्हता. पेपरांनी लगेच मथळे दिले की ब्रिटिश लोक ४५ मिनिटांवर येऊन ठेपलेल्या विनाशाच्या छायेत आहेत. आणि पुढे चौकशीत संरक्षणमंत्र्यांनी कबूल केलं की आपल्याला फरक माहीत होता, पण मथळे दुरुस्त करायला सांगितलं नाही. हत्ती हा शब्द शंखात बुडाला. इराक युद्धातल्या ब्रिटनच्या भूमिकेची चौकशी करणाऱ्या २०१६ च्या चिलकॉट अहवालाने म्हटलं की इराकच्या शस्त्रांबद्दलचे निष्कर्ष जितक्या खात्रीने मांडले तितकी खात्री बाळगायला आधार नव्हता. युद्ध तोवर कधीच होऊन गेलेलं.

कथेत युधिष्ठिराचा रथ जमिनीच्या चार बोटं वर चालायचा तो त्या एका वाक्याने खाली टेकला. म्हणजे आपल्या लोकांना हे खरं बोलून केलेलं पाप आहे हे तेव्हा नीट कळलेलं, म्हणींमधे मात्र आपण त्यातला नेमका तोच अर्थ हरवला. मला वाटतं तो परत आणावा.

—

वरचं सगळं पटलं, फक्त मला 'बुद्धिभेद' सुचवायचा होता. गीतेत ३.२६ ला 'न बुद्धिभेदं जनयेत्' असं आहे, तिथे अर्थ वेगळा, अज्ञानी माणसाची कर्मावरची श्रद्धा ज्ञानी माणसाने डळमळीत करू नये असा. आज मराठीत बुद्धिभेद म्हणजे मुद्दाम संभ्रमात टाकणे. परिणाम सांगायचा तर तो चांगला, कृतीसाठी मखलाशी बरा.

आणि 'प्रोपगंडा' ला 'प्रचार' करू नका, प्रचार आपल्याकडे निवडणुकीत सगळेच उघडपणे करतात. गंमत म्हणजे तो शब्द तिकडेही सुरुवातीला वाईट नव्हता, १६२२ ला पोप ग्रेगरी पंधरावे यांनी धर्मप्रसारासाठी जी संस्था काढली तिच्या नावातून तो आला आणि त्याच्या मुळाशी रोपाची फांदी मातीत दाबून नवं झाड करायचं, आपण दाबकलम म्हणतो ते, ती क्रिया आहे. बदनाम झाला तो पहिल्या महायुद्धात.

—

मी बरीच वर्षं एका दैनिकात उपसंपादक होतो. शब्द शोधताय ते चांगलंच आहे, पण माझं म्हणणं आहे की स्पिन फक्त मोठ्या शब्दांत नसतो, प्रत्ययात आणि क्रियापदात असतो, आणि तो मी स्वतः रोज रात्री हाताने केलाय म्हणून सांगतो.

एक, 'म्हणे'. आपल्या भाषेत ऐकीव गोष्टीला लावायला हा केवढा छान शब्द आहे, "पूल पाडला म्हणे". लहान पोराला पण कळतं की बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेलं नाही. पेपरात त्याचा 'असा दावा सैन्याच्या प्रवक्त्याने केला' होतो, ठीक आहे. पण मथळ्यात जागा नाही, म्हणून 'दावा' आधी कापला जातो. बातमीत दावा, मथळ्यात घटना. आणि लोक मथळाच वाचतात हे आम्हाला माहीत असायचं.

दोन, कर्ता. "विमानांनी घरांवर बाँब टाकले, चाळीस ठार" आणि "बाँब पडून चाळीस मृत्युमुखी" या दोन्हीत मेलेले तेवढेच आहेत, पण दुसऱ्यात बाँब आपोआप पावसासारखा पडतो. 'ने' गेला की करणारा गेला. शत्रूने केलं की कर्तरी नाहीतर कर्मणी का होईना पण कर्ता ठळक, मित्रदेशाने केलं की अकर्मक. कुणी सांगायचं नाही, हात आपोआप तसा चालतो. त्यांचा हल्ला, यांची कारवाई किंवा प्रत्युत्तर. प्रत्युत्तर म्हटलं की सुरुवात समोरच्याने केली हे न सांगता सांगून झालं.

तीन, मरणाचे शब्द. आपले 'धारातीर्थी पडले', 'वीरमरण आले', ते 'यमसदनी धाडले', 'कंठस्नान घातले'. कंठस्नानाचा मूळ अर्थ डोकं न भिजवता गळ्यापर्यंत केलेली आंघोळ, त्यावरून गळा कापणे. हा शब्द मी किती वेळा मथळ्यात टाकला ते आता मोजवत नाही. मेलेल्यांत कुणाच्या हातात शस्त्र होतं आणि कुणाच्या नव्हतं हे त्या एका शब्दाखाली कायमचं झाकलं जातं, आणि मला वाईट याचं वाटतं की तेव्हा ते मला नुसतं जोरकस मराठी वाटायचं.

आणि शेवटचं, 'आपण'. मराठीत आम्ही वेगळं, आपण वेगळं, 'आपण'मधे वाचणारा पण येतो. १९८२ च्या फॉकलंड युद्धात बीबीसी 'आपलं सैन्य' न म्हणता 'ब्रिटिश सैन्य' म्हणायची, तेवढ्यावरून थॅचर आणि त्यांचे खासदार भडकले होते. इतका छोटा शब्द, आणि पंतप्रधानांना तो सहन झाला नाही, यावरूनच त्याची किंमत कळते.

—

यात नाव न देण्याचा प्रकार पण घाला. १९५० ला कोरियात युद्ध पेटलं तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमननी पत्रकाराने सुचवलेला 'पोलिसी कारवाई' हा शब्द मान्य केला. रशियात २४ फेब्रुवारी २०२२ पासून 'विशेष लष्करी मोहीम', आणि मार्चच्या पहिल्याच आठवड्यात असा कायदा की सैन्याबद्दल खोटी ठरवलेली माहिती दिली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास. फ्रान्समधे तर अल्जीरियातल्या आठ वर्षांच्या युद्धाला सरकारदरबारी 'घटना' आणि 'सुव्यवस्था राखण्याच्या मोहिमा' म्हणायचे, 'युद्ध' हा शब्द कायद्यात आला १८ ऑक्टोबर १९९९ ला, युद्ध संपून ३७ वर्षं झाल्यावर. विचार करा, तिथे लढायला गेलेला विशीतला पोरगा साठीला टेकेपर्यंत त्याच्या सरकारच्या लेखी युद्धात गेलेलाच नव्हता. याला मखलाशी हा शब्द मला अपुरा वाटतो. मखलाशीला निदान बोलावं लागतं.

—

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय ते असं: प्रवक्ता, मंत्री घडलेल्या गोष्टीला मुलामा देतात तिथे 'मखलाशी'. लोकांवर होणाऱ्या परिणामाला 'बुद्धिभेद'. 'स्पिन डॉक्टर' तसाच ठेवतेय, 'मखलाशीकार' कानाला बरा नाही वाटला.

एका जागी मात्र मूळ लेखकाशीच वाद आहे. त्याने १९९० चं कुवेतचं प्रकरण स्पिनमधे घेतलंय, ज्यात १५ वर्षांच्या मुलीने अमेरिकी खासदारांच्या गटासमोर रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी इनक्युबेटरमधून बाळं काढून जमिनीवर मरायला टाकली. नंतर १९९२ ला कळलं की ती कुवेतच्या राजदूतांची मुलगी होती आणि तो सगळा कार्यक्रम एका जनसंपर्क कंपनीने बसवला होता, आणि बाळांच्या त्या गोष्टीला पुढे पुरावा मिळाला नाही. वरच्या चर्चेनंतर मला वाटतं ही मखलाशी नव्हे, ही सरळ आवई, आणि भाषांतरात मी तिथे 'आवई'च लिहिणार आहे. लेखकाने 'स्पिन' लिहिलंय म्हणून मी सौम्य शब्द लिहिला तर मीच मखलाशी केल्यासारखं होईल.

उपसंपादक काका, तुमच्या 'म्हणे' चा एक परिच्छेद तळटीपेत घेतला तर चालेल का? नाव हवं असेल तर तसं कळवा.