हामान, ताटल्या आणि मारबत

यहुदी विनोद म्हणजे रब्बी (यहुदी धर्मगुरू) आणि सासूचे चुटके, ते मुंबई-पुण्यात चालतात, खेड्यात कोणाला कळणार, असं काही जण म्हणतात. पटलं नाही. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या यहुदी मंडळींनी, १८८० च्या सुमारास बायबलमधल्या कथांवर चक्क मराठीतून कीर्तनं सुरू केली होती. म्हणजे ही गोष्ट आपल्याकडे कीर्तनाच्या वाटेनं कधीच आलेली आहे.

आमच्या गावच्या वाचनालयात (यवतमाळ जिल्हा, लाइट जाणार हे गृहीत) पोळ्याच्या आधी मी पुरिम या यहुदी सणाची, एस्तेर राणीची गोष्ट सांगितली. समोर भजनी मंडळ, बौद्धवाड्यातली पोरं, दर्ग्याचे मुजावर. यहुद्यांच्या जिवावर उठलेला राजाचा मंत्री हामान, त्याचं नाव आलं की गोंगाट करून ते बुडवायचं, अशी यहुद्यांची रीत. पोरांना ताटल्या-चमचे दिले. राजा विचारतो, ज्याचा सन्मान करायचा त्याचं काय करावं? हामानला वाटतं आपलाच नंबर, म्हणून राजवस्त्रं नि राजाचा घोडा सुचवतो. आणि त्याच घोड्यावर वैरी मर्दखयला बसवून लगाम धरून गावभर फिरवायची पाळी त्याच्यावरच येते. इथे मुजावरचाचा इतके हसले की डोळे पुसत बसले. मागून एक आजी म्हणाली, "हे तं आपली मारबतच झाली न बाप्पा! नाव घेऊन बोंबलाचं अन् गावाबाहेर हाकलाचं." (मारबत म्हणजे आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाबाहेर नेतात तो पुतळा.)

एकच चूक झाली. ताटल्या आधी वाटल्या. गोष्ट संपेपर्यंत पोरं एस्तेरच्या नावालाही वाजवत होती.