नाताळची घरची तयारी नोव्हेंबरातच उरकावी का? माझं मत: हो, आणि बिनधास्त

वसईची_सून:
दरवर्षी हाच वाद होतो म्हणून यंदा इथेच मांडते. माझं म्हणणं आहे की घरातली जी कामं नाताळच्या आठवड्यात करायची गरजच नाही ती 30 नोव्हेंबरच्या आत संपली पाहिजेत. रंगकाम, पडदे, गाद्यांचे अभ्रे, माळ्यावरचं सामान, भांडी, नवे कपडे शिवायला टाकणं, सगळं. लायटिंगच्या माळा पण आत्ताच खाली काढून प्लगला लावून बघायच्या, कारण दर वर्षी एक तरी माळ अर्धीच पेटते आणि ते आपल्याला 23 तारखेला रात्री कळतं, तेव्हा पापडीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते.

आमच्या वसई पट्ट्यात डिसेंबर म्हणजे नुसता नाताळ नाही. आगमनकाळात (नाताळआधीचे चार रविवार) सहसा लग्नं ठेवत नाहीत, त्यामुळे 26 पासून जी सुरू होतात ती थेट जानेवारीभर, त्यात गल्फवाले कॅनडावाले सगळे ह्याच दिवसांत येऊन उतरणार, चर्चमध्ये नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), कन्फेशनच्या म्हणजे पापकबुलीच्या रांगा, कॅरोलवाली पोरं रात्री दारात, आणि अशात लोक 20 तारखेला रंगवाला शोधत फिरतात! कोण मिळणार?

खाण्याचंही तेच. फळं (काळे मनुके, बेदाणे, संत्र्याची साल, थोडे खजूर) दिवाळी झाली की रममध्ये बुडवून बरणी बंद. केक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तो मुरतो उलट. कलकल (मैद्याचं वळलेलं छोटं गोड तळण) 10-12 तारखेला, साखरेत घोळवून हवाबंद डब्यात, मस्त टिकतात. ओल्या नारळाच्या नेवऱ्या मात्र शेवटीच, नाहीतर खवट होतात. मिल्क क्रीमची मिठाई पण शेवटी. इंदल (व्हिनेगरमधलं तिखट मांस) 23 ला करून ठेवायचं, शिळं जास्त लागतं हे सगळ्यांना माहितीये.

बोला आता.

मेंढपाळ_गिरीज:
ताई, मग आगमनकाळ ठेवलाय कशाला? चार रविवार, चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या एक गुलाबी, फादर जांभळा झगा घालतात, मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत. म्हणजे चर्च सांगतंय थांबा जरा. आणि आपण 1 डिसेंबरला स्टार पेटवून, झाड लावून, केक कापून मोकळे.

आमच्या लहानपणी गोठा (येशूजन्माचा देखावा) 24 ला संध्याकाळी पूर्ण व्हायचा, दुपारपर्यंत पेंढा आणायची मारामार, आणि बाळ येशू मिस्साहून आल्यावरच ठेवायचे, तोपर्यंत गव्हाण रिकामी. आता काय होतं, महिनाभर तेच झाड बघून 26 ला लोकांना कंटाळा येतो, 27 ला माळा उतरवतात. अहो नाताळचा काळ 24 च्या रात्री *सुरू* होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो! आपण सणाच्या आधी सण करतो आणि सणात सामान आवरतो.

वसईची_सून:
@मेंढपाळ_गिरीज दादा, मी स्टार लावा कुठे म्हटलं? रंगकाम आणि ग्लोरियाचा काय संबंध? उलट घर आधी आवरलं तर माणूस शांतपणे नोव्हेनाला बसेल, नाहीतर गुडघ्यावर बसून डोक्यात मैदा किती आणायचा तेच चालू असतं. माझं तरी.

ऑर्लेमवाली:
दोघांचंही बरोबर आहे आणि दोघंही मुद्दा सोडून बोलताय. प्रश्न नोव्हेंबर की डिसेंबर हा नाहीच. यादी कोण लिहितं? लक्षात कोण ठेवतं की मोठ्या नणंदेकडे अंड्याशिवायचा केक लागतो, सासऱ्यांना शुगर आहे, वॉचमन आणि कामवाल्या मावशींची पाकिटं राहिलीत? नोव्हेंबरात आणली तर तीच बाई एक महिना आधीपासून दमते, एवढाच फरक.

आमच्याकडे कलकलची रात्र म्हणजे काय असते सांगू का. मी पीठ मळून ठेवलेलं, गोळ्या करून ठेवलेल्या, काट्यांना तेल लावून ठेवलेलं. मग सगळे येणार, काट्याच्या मागच्या बाजूने चार कलकल वळणार, फोटो काढणार, "अरे जुने दिवस" वगैरे, आणि मॅच बघायला जाणार. तळायला मी, निथळायला मी, साखरेचा पाक मी, आणि दुसऱ्या दिवशी ओटा खरवडायला पण मी. ह्याला घरी बनवलेला फराळ म्हणतात.

मी गेली काही वर्षं सगळं ऑर्डर करते. आमच्या गल्लीतल्याच दोन बायका बनवतात, मार्झिपान (काजू-बदामाची मिठाई) तर माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं. त्यांना चार पैसे मिळतात, मला झोप मिळते.

म्हापशेकार:
आमच्या गोंयात पण हल्ली अर्धं गाव विकतच घेतं. दोदोल कोण हलवत बसणार, नारळाचा रस आणि काळा गूळ, तासनतास हात थांबवायचा नाही, थांबला की बुडाला लागलं. बिबिंक तर विचारूच नका, एकेक थर भाजत दिवस जातो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सगळं मिळतं.

पण ऑर्लेमवाली, एक गोष्ट सांगतो. शेजारी कोंसुआदचं म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं ताट पाठवतो ना, त्यात जे असतं ते कुणाच्या हातचं हे आमच्या वाड्यावर खाल्ल्याबरोबर कळतं. आणि ज्या घरात वर्षभरात मयत झालंय तिथे गोड करत नाहीत, त्यांच्याकडे आधी ताट जातं. तिथे दुकानाचा बॉक्स पाठवायला मला तरी कसंतरीच वाटतं.

ऑर्लेमवाली:
@म्हापशेकार ते दोदोल तुम्ही स्वतः हलवता का?

म्हापशेकार:
मी नारळ फोडतो 😅

ऑर्लेमवाली:
बस. तेच विचारायचं होतं.

डोंबिवली_फास्ट:
आम्ही नाताळवाले नाही पण राहवत नाही म्हणून लिहितोय. सेम टू सेम भांडण दिवाळीत आमच्याकडे. आईने एक वर्ष जाहीर केलं की चकली आणि अनारसे विकत, बाकी करंज्या सगळ्यांनी बसून, जो बसणार नाही त्याला डबा नाही. पहिल्या वर्षी बाबा रुसले, आता त्यांच्या करंजीची मुरड आईपेक्षा चांगली येते. थोडं विकत थोडं घरी, विषय संपला. शेजारच्या डिसोझा काकूंकडचे कलकल मात्र घरचेच हवेत, त्याबाबतीत मी स्वार्थी आहे.

ब्रॅम्प्टनकर:
इथे कॅनडात हॅलोविन संपला की दुसऱ्या दिवशी दुकानात नाताळची गाणी, त्यामुळे मेंढपाळ दादांचं पटतं, डिसेंबर येईपर्यंत कान किटतात. पण कामाचं म्हणाल तर मी वसईताईंच्या बाजूने. नोकरी करून, बर्फ उपसून, शेवटच्या आठवड्यात काहीही होत नाही. सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण) आम्ही नोव्हेंबरात करून फ्रीझरला टाकतो. कोणी नावं ठेवायची तर ठेवा, ताटात आलं की कोणी विचारत नाही.

एकच गोष्ट लवकर करता येत नाही, गोठ्यात हिरवळ म्हणून लावायची नाचणी. ती आठ-दहा दिवसच आधी पेरावी लागते, फार लवकर पेरली तर नाताळपर्यंत पिवळी पडून आडवी होते. इथे थंडीत उगवायला पण वेळ लावते, ट्रे हीटरजवळ ठेवतो.

मेंढपाळ_गिरीज:
@ब्रॅम्प्टनकर हेच तर मी म्हणतोय! काही गोष्टींना त्यांचा वेळ असतो. आमच्या घरी नाचणी मुलांकडे असते, रोज सकाळी पाणी शिंपडायचं, धाकटी तर शाळेत जायच्या आधी वाकून बघते कोंब आला का. ही वाट बघणं म्हणजेच आगमनकाळ. सगळं आधीच पॅक करून ठेवलं तर मुलं वाट कशाची बघणार, ऑनलाइन डिलिव्हरीची?

वसईची_सून:
नाचणी मान्य, नाचणी यादीतून काढली. गोठा पण 24 ला ठेवते चला. पण रंगवाला मी नोव्हेंबरातच बोलावणार, त्यावर चर्चा नाही.

आणि ऑर्लेमवाली, तुमचं लागलं मनाला. यंदा यादीचे दोन कॉलम करते, एक माझा एक नवऱ्याचा. त्यांच्या कॉलममध्ये काय लिहू सुचवा.

ऑर्लेमवाली:
गोठा सोडून काहीही. गोठा ते तसाही करतातच, त्याचा फोटो स्टेटसला जातो. कलकल तळण्यापासून सुरू करा, ओट्यासकट.