मदत हवी आहे: इनडिझाइनच्या स्क्रिप्ट नीट कशा लावायच्या?

मंडळी, इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रिप्ट (ठरावीक कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) जिथून चालवतो, त्या स्क्रिप्ट्स पॅनलमध्ये माझा नुसता पसारा झालाय. अ‍ॅप्लिकेशन फोल्डरमधल्या मूळच्या सॅम्पल स्क्रिप्टना मी हात लावत नाही, पण बाहेरून उतरवलेल्या सगळ्या जेएसएक्स फाइल्स, म्हणजे स्क्रिप्टच्याच फाइल्स, यूजर फोल्डरमध्ये टाकत गेलो आणि आता कुठली कोणाची, कुठली जुनी काही पत्ता लागत नाही. सबफोल्डर केले तर पॅनलमध्ये तसेच दिसतात, रीस्टार्टही लागत नाही, तिथवर ठीक आहे. पण फाइंड-चेंज-बाय-लिस्ट या यादीनुसार शोधून बदल करणाऱ्या स्क्रिप्टची माझी बदललेली कॉपी एकटीच दुसरीकडे हलवली की यादीची फाइल कुठाय विचारत बसते, कारण तिचा सपोर्ट फोल्डर शेजारीच लागतो, मग तोही सोबत न्यायचा म्हणजे परत गर्दी! शिवाय ज्यांना कीबोर्ड शॉर्टकट दिलेत त्यांची जागा बदलली तर ते पुन्हा द्यावे लागतील ना?

तुम्ही फोल्डर कामानुसार करता, टेबल, इमेज, एक्स्पोर्ट असे, की बनवणाऱ्याच्या नावाने? आणि यूजर फोल्डर प्रत्येक व्हर्जनचा वेगळा असतो, म्हणून सगळं एकाच ठिकाणी ठेवून तिथे फक्त एलियस (मूळ जागेकडे नेणारी शॉर्टकट फाइल) टाकलं तर चालतं का, कोणी रोज वापरतंय का असं? विंडोज आणि मॅक दोन्हीवर काम असतं.